घूंऽऽ

मे महिन्यात इथे स्वारी रात्रीचीच.
सातलाही रिंगणातल्या वाळूत बोटं खुपसली
तर खालून भट्टी लागते.
पाणी मारायचं, आठपर्यंत थांबायचं,
मग खांबांवरचे बारा जुने हॅलाइड पेटवायचे.
ते आधी जांभळे, मग हिरवट,
मग तापातून उठलेल्या माणसासारखे पांढरे होत जातात,
आणि त्यांचे चोक घूंऽऽ करत राहतात
काटोल रोडवरचा शेवटचा ट्रक निघून गेल्यावरही.

माझ्या टेबलावर तीन कोटेशनं.
एक इतवारीचं, एक धंतोलीचं,
आणि एक प्रफुल बोरकुटेचं,
जो जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहितो.
चारशे वॅट गुणिले बारा, वर चोक खातो ते,
गुणिले चार तास, गुणिले दर.
मी हिशेबाची बाई.
खोगीर कोणत्या बाजूने चढवतात
हे मला इथे तिसऱ्या वर्षी कळलं.
पण वीजबिल वाचता येतं:
महिन्याला एका घोड्याचा हरभरा, कोंडा, लसूणघास
आम्ही किड्यांना नाचायला जाळतो.

हे मी कमिटीला सांगितलं.
दुसरं सांगितलं नाही, तिथे रकाना नव्हता.

गेल्या वैशाखात लाईट गेली. नुसती पापणी लवली.
समोरच्या पानठेल्यावरचा बल्ब लगेच आला.
आमचे मात्र थंड झाल्याशिवाय पेटत नाहीत.
चौदा मिनिटं.
आत चारोळी घोडी,
तिच्या पाठीवर आठ वर्षांचा शार्दूल पोटदुखे,
आणि काळोखात कुठूनतरी रज्जाकभाई:
"हालू नको बाबू, थे उभी हाय. थे उभीच हाय."
चौदा मिनिटं तो एवढंच म्हणत होता.
दिवे आले तेव्हा दिसलं,
पोराच्या मुठीत आयाळ होती
आणि रज्जाकभाईंच्या मुठीत पोराचा बूट.

प्रफुलने नमुन्याचे दोन एलईडी आणले.
दीडशे वॅटचे. बटण दाबलं की हजर.
शिडी तोकडी म्हणून खांबाच्या अर्ध्यावरच बांधले.
मोबाईल वाळूवर धरून म्हणाला,
"पहा मॅडम, किती लक्स."
चारोळी दोन पावलं आली आणि थांबली.
कठड्याची सावली वाळूवर आडवी पडली होती,
काळी, काठ धारदार.
"तुमच्यासाठी सावली हाय," रज्जाकभाई म्हणाले,
"तिच्यासाठी नाली हाय."

मग कोराडीहून मोठी शिडी मागवली.
दिवे वर गेले, माना खाली घातल्या त्यांनी,
आणि सावल्या हळूहळू आखडत
घोडीच्या पोटाखाली येऊन बसल्या.
निळसर की पिवळसर, हे ठरायचं होतं.
मी तिच्या डोळ्याजवळ गेले, पहिल्यांदाच इतकी जवळ.
आडवी बाहुली. तिच्यात एक खांब, एक शिडी, एक मी.
निळसर लावला, ती बाहुली चिरेएवढी झाली.
पिवळसर लावला, थोडी सैल.
"हाच," मी म्हटलं.
"हा सहाशेनं महाग हाय ना जी," प्रफुल म्हणाला.
माझा आवाज मलाच अनोळखी वाटला:
"लिहा."

पहिल्या रात्री सगळं नीट.
प्रकाश सपाट, वाळू गव्हासारखी,
कमिटीतले दोघे तर फोटो काढायला आले.
चारोळी फाटकाशी आली आणि आत येईना.
कान पुढे, मागे, वर खांबांकडे.
सावली नव्हती, खड्डा नव्हता, साप नव्हता.
प्रफुल म्हणाला, फ्लिकर असेल.
मी म्हटलं, परत करा.
रज्जाकभाई उगाच उभे राहिले थोडा वेळ,
मग ओठ मिटून त्यांनी नाकातून सूर लावला:
घूंऽऽ.
ती आत आली.

आता बिल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं.
रात्री कुलूप लावताना ईशान्येला
कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात.
आपल्यासाठी तिथे किती घमेली कोळसा वाचला असेल,
मी एकदा मांडायला बसले होते. सोडून दिलं.

घोडीला सवय झाली म्हणतात.
गेल्या आठवड्यात रज्जाकभाई सुट्टीवर होते,
तरी ती सरळ आत गेली.
फाटकाशी मीच जरा घुटमळले,
इकडे तिकडे पाहिलं,
आणि केलं.